दाखला आणि रजिस्टर : यंत्रनिर्मित क्लायंट लायब्ररींचा सांभाळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या टेबलावर कापडी पुठ्ठ्याचे एक जाडजूड जनरल रजिस्टर असे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एकदा एक पालक शाळा सोडल्याचा दाखला घेऊन त्यांच्याकडे आले. आडनावात एक काना अधिक पडला होता. “गुरुजी, एवढा काना खोडून सही करा, म्हणजे झाले,” असे त्यांचे म्हणणे. गुरुजींनी दाखला बाजूला ठेवला आणि रजिस्टर उघडले. चूक तेथेच होती. ते म्हणाले, “दाखला ही नक्कल आहे. मी नकलेत दुरुस्ती केली, तर उद्या तुम्ही दुसरी नक्कल मागाल तेव्हा हा काना पुन्हा उगवेल. दुरुस्ती येथे करू या आणि दाखला नवा लिहू या.” मी तेव्हा नववीत होतो. या प्रसंगात काही तत्त्व दडलेले आहे, असे त्या वयात वाटण्याचे कारण नव्हते. अलीकडे मात्र तो प्रसंग मला वारंवार आठवला, आणि तोही संगणकाच्या संदर्भात. त्याचे कारण पुढे येईलच.

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु बडोद्यातील आपल्या शाळेतून बाहेर पडलेली किती मुले आज याच व्यवसायात आहेत! त्यांपैकी एकाचे काम ‘क्लायंट लायब्ररी’ सांभाळण्याचे आहे. सुटीत तो घरी येतो, तेव्हा मी त्याला प्रश्न विचारतो आणि तो न कंटाळता उत्तरे देतो. आजचे विवेचन त्या संभाषणांतून उभे राहिले आहे. त्यात काही बरे आढळल्यास श्रेय त्याचे, आणि उणीव आढळल्यास ती माझ्या आकलनाची समजावी.

१. सेवा, वर्णनपत्र आणि लायब्ररी

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. आज एक संगणक दुसऱ्या संगणकाकडून काम करवून घेतो. शाळेचे संकेतस्थळ देणगी स्वीकारते, तेव्हा पैशाचा व्यवहार ते स्वतः करीत नाही. ते दूरच्या एका सेवेला विनंती पाठविते आणि उत्तराची वाट पाहते. विनंती कोणत्या पत्त्यावर पाठवावी, तिच्यात कोणते रकाने भरावेत, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, यासंबंधीच्या ठरावास ‘एपीआय’ म्हणतात. कचेरीतील छापील अर्ज डोळ्यांसमोर आणला, तर ही कल्पना सहज कळेल.

अर्ज दर वेळी हाताने भरणे कंटाळवाणे असते आणि त्यात चुकाही होतात. म्हणून सेवा पुरविणारी संस्था अर्ज भरण्याचे, त्यावर ओळखीची खूण करण्याचे, उत्तर न आल्यास पुन्हा विचारण्याचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लावण्याचे काम करणारी तयार आज्ञावली देते. तिलाच ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. कोणीही उचलून आपल्या आज्ञावलीत वापरावा असा तयार कोडचा संच, एवढाच अर्थ आहे.

आता अडचण अशी की, सेवा एकच असली तरी ती वापरणारे प्रोग्रामर नाना भाषांत लिहितात. कोणी पायथॉनमध्ये, कोणी जावामध्ये, कोणी जावास्क्रिप्ट, गो, रुबी वा पीएचपीमध्ये. एखाद्या सेवेत दोनशे क्रिया आहेत आणि सहा भाषांचा आधार द्यावयाचा आहे असे धरले, तर बाराशे फलने लिहावी लागतील, आणि सेवेत एक रकाना वाढला तरी तो सहा ठिकाणी वाढवावा लागेल. हे काम हातांनी अचूक होणे कठीण. म्हणून सेवेचे एक यंत्राला वाचता येईल असे वर्णनपत्र तयार करावयाचे आणि ‘जनरेटर’ नावाच्या आज्ञावलीने त्यावरून सर्व भाषांतील लायब्ररी निर्माण करावयाच्या, अशी पद्धत रूढ झाली. वर्णनपत्र हे जनरल रजिस्टर, आणि लायब्ररी हे त्यावरून लिहिलेले दाखले.

२. थोडा इतिहास

ही कल्पना आजची नाही. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या संगणकावरील क्रिया जवळच्याच असल्याप्रमाणे बोलावण्याची एक व्यवस्था उभारली आणि १९८४ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या व्यवस्थेत प्रोग्रामरने फक्त क्रियांचे वर्णन लिहावयाचे. मधला निरोप्या कोड ‘ल्युपिन’ नावाची आज्ञावली आपोआप तयार करीत असे. पुढे १९९१ मध्ये ‘कॉर्बा’ आली आणि २००० मध्ये ‘डब्ल्यूएसडीएल’ ही वर्णनभाषा आली. नावे बदलली, तत्त्व तेच राहिले.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या वर्णनभाषेचा जन्म, मला सांगण्यास आनंद वाटतो, एका शब्दकोशाच्या घरी झाला. वर्डनिक हा इंग्रजीचा ऑनलाइन शब्दकोश. तेथे काम करताना टोनी टॅम यांनी आपल्या सेवेचे वर्णन करण्यासाठी ‘स्वॅगर’ ही पद्धती तयार केली. २०१५ मध्ये तिचे वर्णनशास्त्र लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले आणि पुढे तिला ‘ओपनएपीआय’ हे नाव मिळाले. तिच्या वर्णनपत्रावरून कोड घडविणाऱ्या ‘स्वॅगर कोडजेन’ या साधनाची २०१८ मध्ये ‘ओपनएपीआय जनरेटर’ ही स्वतंत्र शाखा फुटली. ती आज पन्नासाहून अधिक प्रकारचे क्लायंट निर्माण करू शकते. शब्दांचे अर्थ नेमके सांगण्याची सवय असलेल्या घरातच, सेवेचा अर्थ नेमका सांगण्याची निकड भासावी, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

३. जेथे यंत्र अडखळते

इतके ऐकल्यावर कोणासही वाटेल की, वर्णनपत्र लिहिले, जनरेटर चालविला, काम संपले. वस्तुतः काम तेथून सुरू होते. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेताना काय घडते, हे भाषेच्या शिक्षकाला निराळे सांगावयास नको. संगणकाच्या भाषाही त्याला अपवाद नाहीत.

पहिली अडचण नावांची. पैसे कोणाकडून आले हे सांगणाऱ्या रकान्याचे नाव वर्णनपत्रात ‘फ्रॉम’ असले, तर पायथॉनमध्ये ते जसेच्या तसे वापरता येत नाही. तो शब्द त्या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. तेथे शेवटी एखादी खूण जोडून निराळे नाव द्यावे लागते. ही सवलत कोणत्या भाषेत कोणत्या शब्दाला द्यावयाची, याची यादी कोणी तरी माणूसच ठेवतो.

दुसरी अडचण संख्यांची. वर्णनपत्र चौसष्ट बिटांचा पूर्णांक सांगते. जावाला तो पेलतो. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या मात्र ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ या पूर्णांकापर्यंतच निःशंक अचूक राहते. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात. ट्विटरने २०१० साली आपल्या संदेशांचे क्रमांक या मर्यादेपलीकडे नेण्याचे ठरविले, तेव्हा तोच क्रमांक अक्षरमालिकेच्या रूपात देणारा दुसरा रकाना जोडावा लागला. आज्ञावली चालू राहते, कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि क्रमांक मात्र दुसऱ्याच संदेशाचा होतो. असा दोष सापडण्यास फार कठीण.

तिसरी अडचण मला सर्वांत उद्बोधक वाटली : ‘रिकामे’ आणि ‘न सांगितलेले’ यांतील भेद. एखाद्याने अर्जात दूरध्वनीचा रकाना कोरा ठेवला, तर ‘माझा क्रमांक काढून टाका’ असे त्याला म्हणावयाचे आहे, की ‘त्याविषयी माझे काही म्हणणे नाही’ असे? माणूस संदर्भावरून ओळखतो. काही संगणकभाषांत हे दोन अर्थ सहज निराळे ठेवता येतात, काहींत मुद्दाम सोय करावी लागते. ती सोय केली नाही, तर पत्ता बदलावयास आलेल्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक पुसला जातो.

आणि चौथी गोष्ट, वर्णनपत्र नेहमी खरे बोलते असे नाही. एखादा रकाना ‘अवश्य येईल’ असे त्यात लिहिलेले असते आणि सेवा तो कधी कधी पाठवीत नाही. म्हणून लायब्ररी सांभाळणाऱ्याला वर्णनपत्र आणि सेवेचे प्रत्यक्ष वर्तन यांचा मेळ चाचण्या लावून पुनःपुन्हा तपासावा लागतो. रजिस्टरही तपासावे लागते.

४. ‘या फाइलला हात लावू नये’

यंत्रनिर्मित फाइलच्या माथ्यावर बहुधा एक ओळ असते : हा कोड आपोआप निर्माण झाला आहे, यात बदल करू नये. गो या भाषेत तर त्या ओळीचे शब्दही ठरवून दिलेले आहेत, म्हणजे इतर साधनांना ती फाइल ओळखता यावी. ही ओळ प्रथम पाहिली तेव्हा मला एकनाथांचे स्मरण झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि अखेरीस, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. नकला करणाऱ्यांच्या सद्धेतूविषयी त्यांना शंका असेल असे नाही. पण नकलेत घातलेली भर मूळ म्हणून पुढे जाते, हे त्यांनी पाहिले होते.

संगणकात नेमके उलटे घडते, आणि ते अधिक फसवे आहे. येथे नकलेत घातलेली भर पुढे जात नाही. पुढील निर्मितीच्या वेळी ती निःशब्दपणे पुसली जाते. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि त्यात माझाही दोष आहे, म्हणून तो येथे सांगतो.

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचा एक शिष्यवृत्ती निधी आहे. त्याच्या देणग्या एका सेवेमार्फत येत. ती जोडणी एका माजी विद्यार्थ्याने हौसेने, एक पैसा न घेता करून दिली होती, आणि तीत एक यंत्रनिर्मित लायब्ररी होती. त्या लायब्ररीला व्यवहाराच्या तीनच अवस्था ठाऊक होत्या : पूर्ण, अपूर्ण, रद्द. पुढे सेवेने ‘पडताळणीसाठी थांबविलेला’ ही चौथी अवस्था सुरू केली. अनोळखी शब्द दिसताच लायब्ररी त्रुटी देऊन थांबे. व्यवहाराची नोंद होत नसे आणि मागाहून पैसे जमा झाले तरी ती राहूनच जाई. त्या मुलाने निर्मित फाइल उघडली, एक ओळ हाताने घातली आणि काम चालू झाले. आम्ही त्याचे अभिनंदन केले. दोन वर्षांनी दुसऱ्या एका स्वयंसेवकाने काही निराळ्याच कारणासाठी लायब्ररी नव्याने निर्माण केली. त्याच्या हाती आलेले वर्णनपत्र जुनेच होते. ती ओळ गेली. ती कधी होती, हेही त्याला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी परदेशातील काही देणग्या खात्यात आल्या, पण आमच्या नोंदीत आल्या नाहीत. शिष्यवृत्तीची यादी नोंदीवरून होते. शिल्लक कमी दिसल्यामुळे यादीतील शेवटची दोन नावे आम्ही वगळली. त्या कागदावर सही माझी आहे. बँकेच्या उताऱ्याशी ताळा घातला तेव्हा प्रकार उघडकीस आला. पैसे आम्ही नंतर दिले. परंतु तोवर त्यांतील एका मुलीने परीक्षेचा अर्ज त्या सत्रापुरता मागे ठेवला होता. तिचे ते सत्र तिला कोणती लायब्ररी परत देणार?

मी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख आरंभी केला, त्याला हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, पहिल्याने ओळ चुकीची घातली नव्हती, चुकीच्या ठिकाणी घातली होती.” मला गुरुजींचे रजिस्टर आठवले ते त्या क्षणी.

दुरुस्तीच्या योग्य जागा कोणत्या, हे त्याने मला सांगितले. वर्णनच चुकीचे वा जुने असेल, तर वर्णनपत्र दुरुस्त करावे. वर्णन बरोबर असून एका भाषेतील कोड चुकत असेल, तर जनरेटरचा त्या भाषेचा साचा दुरुस्त करावा. अनोळखी अवस्था आली असता कोलमडू नये, ती ‘अज्ञात’ म्हणून नोंदवून पुढे जावे, ही समज साच्यात एकदाच घालता येते. आणि जे खरोखरच हाताने लिहावे लागते, ते निर्मित फाइलींपासून अलग, स्वतःच्या फाइलीत ठेवावे. शिवाय जनरेटरची कोणती आवृत्ती वापरली ते लिहून ठेवावे, दर बदलागणिक यंत्राकडून सर्व पुन्हा निर्माण करवून जतन केलेल्या प्रतीशी ताडून पाहावे, आणि फरक निघाल्यास माणसाने तो वाचावा. हजारो ओळींच्या फरकातून अर्थपूर्ण अशा चार ओळी शोधणे, हे सांभाळणाऱ्याच्या दिवसाचे मोठे काम असते. पाठभेद पाहणाऱ्या संशोधकाला ते परके वाटणार नाही.

५. आवृत्ती हे एक वचन

लायब्ररी एकदा प्रसिद्ध झाली की ती हातातून सुटते. कोण वापरतो, कोठे वापरतो, हे कर्त्याला कळत नाही. म्हणून आवृत्तीचा क्रमांक हे वाचकाला दिलेले वचन मानतात. प्रचलित संकेतानुसार या क्रमांकाचे तीन भाग असतात : शेवटचा वाढला तर केवळ दोष दुरुस्त झाला; मधला वाढला तर नवे काही आले, पण जुने अबाधित आहे; पहिला वाढला तर सावध राहा, तुमचा जुना कोड मोडू शकतो.

यंत्रनिर्मित लायब्ररीत हे वचन पाळणे विशेष अवघड असते. सेवा तसूभरही बदललेली नसते. पण जनरेटरची नवी आवृत्ती फलनांची नावे निराळ्या रीतीने घडवू लागते आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने सारी लायब्ररीच बदलते. फलनाचे नाव वर्णनपत्रातील क्रियेच्या नावावरून येते. तेथील शुद्धलेखन कोणी सद्भावनेने सुधारले, की सर्व भाषांतील ते फलन एकाच वेळी नाहीसे होते. वेबच्या मूळ नियमांत याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कोणत्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या शीर्षकाच्या इंग्रजी वर्णलेखनात एक ‘आर’ गळला. १९९६ च्या नियमपत्रात ते तसेच गेले आणि आजही तसेच आहे. आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घ तपासलेल्या मला ही चूक खुपते. पण ती सुधारू नये हेच शहाणपणाचे, हेही मी मान्य करतो.

गूगलमध्ये काम केलेले हायरम राइट यांनी नोंदविलेले निरीक्षण येथे लागू पडते : वापरणारे पुरेसे झाले की, वचनात काय होते याला महत्त्व उरत नाही, जे जे वर्तन दिसते त्यावर कोणी ना कोणी विसंबलेला असतोच. म्हणून जबाबदार संस्था बदल करताना आधी सूचना देतात, जुने नाव काही काळ नव्यासोबत चालू ठेवतात, आणि निरोपाची तारीखही सांगतात. ॲमेझॉनच्या मेघसेवांची जावा लायब्ररी घ्या. तिची पहिली पिढी ३१ जुलै २०२४ रोजी केवळ देखभालीच्या अवस्थेत गेली आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी तिचा आधार संपला. मधला काळ लोकांनी दुसऱ्या पिढीकडे जावे यासाठी. गूगलच्या ‘प्रोटोकॉल बफर’ या वर्णनभाषेत तर रकान्याला क्रमांक असतो, आणि रकाना काढून टाकला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नये, तो राखीव म्हणून लिहून ठेवावा, असा दंडक आहे. आपल्या शाळेतही मूल शाळा सोडून गेले म्हणून त्याचा रजिस्टर क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. जुने दाखले लोकांच्या घरांत असतात.

६. सांभाळणारा

आता यंत्रे वर्णनपत्रावाचूनही कोड लिहू लागली आहेत. चार ओळींत इच्छा सांगावी आणि लायब्ररी मिळावी, असे दिवस आले आहेत. त्याने निर्मितीचे श्रम कमी होतील, हे खरेच. परंतु निर्मिती हे पूर्वीही अवघड काम नव्हते. चूक आढळली असता ती कोठे दुरुस्त करावयाची, मूळ कोणते आणि नक्कल कोणती, आणि आपल्या बदलाने कोणाचे काय मोडेल, हे प्रश्न विचारणारा माणूस त्यानंतरही लागेल. किंबहुना नकला जितक्या स्वस्त, तितके मुळाचे राखण महत्त्वाचे.

या माणसाचे काम दिसत नाही. लायब्ररी चालली तर तिचे नावही कोणी घेत नाही. आमच्या मंडळाने आधी जोडणी करणाऱ्याचा सत्कार केला, ओळ घालणाऱ्याचे अभिनंदन केले, पण ‘हे पुढे कोण पाहणार?’ असा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही. तो माझ्या अध्यक्षतेखालील सभांत निघाला नाही, ही माझी चूक होय. आता आमच्या वहीत जोडणीची जबाबदारी असलेल्या दोघांची नावे आहेत, वर्णनपत्र कोठून घ्यावयाचे ते लिहिले आहे, आणि यादीवर सही होण्यापूर्वी बँकेच्या उताऱ्याशी ताळा घातला जातो. यांतील शेवटच्या गोष्टीला संगणकाची गरज नव्हती. ती आम्हाला पूर्वीच सुचावयास हवी होती.

आपल्यापैकी जे या व्यवसायात आहेत त्यांना मी काय शिकविणार? एवढेच मागणे आहे की, घाईच्या वेळी, रात्री उशिरा, समोरच्या फाइलीत एक ओळ घालून मोकळे व्हावेसे वाटेल, तेव्हा या शाळेतील ते रजिस्टर आठवावे. ती मुलगी पुढील सत्रात परीक्षेस बसली आणि उत्तीर्ण झाली. आज ती या सभागृहात आहे. तिची क्षमा मी तिच्या घरी जाऊन मागितली होती. येथे ती जाहीरपणे मागतो.